रेघेमागचं अक्षर

युनिक्स अजून पीडीपी-७ या छोट्या मशीनवर रांगत होतं, तेव्हाची गोष्ट. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्यात एक नवी सोय घातली. चालू असलेल्या प्रोसेसने स्वतःची हुबेहूब प्रत काढायची आणि पुढचं काम त्या प्रतीवर सोपवायचं. या सोयीचं नाव फोर्क. असेंब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळींत ती बसली. आता शेल, म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून कामाला लावणारा प्रोग्राम, प्रत्येक कमांडसाठी नवी प्रोसेस काढू लागला आणि स्वतः मात्र जागेवर थांबून राहू लागला. सगळे खुशीत असताना लक्षात आलं की डिरेक्टरी बदलायची कमांड बंद पडली आहे. तिचं तेव्हाचं नाव सीएच-डिर. तिच्या कोडला कुणी हात लावला नव्हता, आणि तरी डिरेक्टरी काही केल्या हलत नव्हती.

बराच कोड चाळून झाल्यावर कारण सापडलं. कमांड आपलं काम चोख करत होती. पण ती डिरेक्टरी बदलत होती ती स्वतःची, म्हणजे शेलने काढलेल्या प्रतीची. काम संपलं की ती प्रत मरत होती आणि बदललेली डिरेक्टरी तिच्याबरोबर जात होती. शेल होता तिथेच. रिचींनी युनिक्सच्या जडणघडणीवरच्या आपल्या निबंधात हा प्रसंग सांगितला आहे. त्यावर उपाय एकच होता. ही कमांड बाहेरचा प्रोग्राम म्हणून न ठेवता शेलच्या पोटात घ्यायची. अशा पोटातल्या कमांड्सना आज आपण बिल्ट-इन म्हणतो आणि सीएच-डिरचं नाव आता सीडी आहे.

या प्रकरणात सगळ्या कमांड्स आपण बोलताना म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. '-एन' असं दिसलं की आधी मायनसची रेघ आणि लगेच चिकटून 'एन' हे अक्षर.

काही कमांड्सना घरात राहण्यावाचून गत्यंतर नसतं. सीडी, एक्झिट, सेट, रीड, यूमास्क या सगळ्या शेलच्याच अंगात काहीतरी बदल करतात, बाहेरून ते जमणार नाही. इको, टेस्ट आणि प्रिंट-एफ यांचं तसं नाही. त्या बाहेरही असतात, पण दर वेळी नवी प्रोसेस काढायचा खर्च वाचावा म्हणून त्यांची एकेक प्रत शेलमध्येही बसवलेली असते. बॅश या शेलमध्ये 'टाइप -ए इको' असं विचारलं तर तो आधी सांगतो की इको बिल्ट-इन आहे आणि मग बाहेरच्या इकोचा पत्ता देतो. नाव एक आणि वागणं थोडं थोडं वेगळं, अशा या दोन कमांड्स आहेत हे फार जणांच्या लक्षातच आलेलं नसतं.

आता या प्रकरणाच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. 'सीडी -पी कागदपत्रं' (इथला 'पी' मोठा) असं लिहिलं, तर सीडीला कसं कळतं की '-पी' ही सूचना, म्हणजे ऑप्शन आहे आणि 'कागदपत्रं' हे ठिकाण?

त्याआधी शेल स्वतः काय करतो ते पाहायला हवं, कारण बहुतेक गैरसमज तिथेच जन्म घेतात. शेल ओळ वाचतो, व्हेरिएबलच्या जागी त्याची किंमत घालतो, मोकळ्या जागांवर शब्द तोडतो, चांदणीच्या जागी फाइलींची नावं घालतो आणि शेवटी अवतरणचिन्हं काढून टाकतो. कमांडच्या हातात पडते ती नुसती शब्दांची माळ. 'सीडी "जमा खर्च"' असं लिहिलं तर सीडीला दोन शब्दांची माळ मिळते. एक तिचं स्वतःचं नाव आणि दुसरा 'जमा खर्च', मधल्या मोकळ्या जागेसकट. कुणी कोट लावले होते का, हे तिला कळायची सोयच नाही.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट करून दाखवतो. '-पी' या नावाची एक डिरेक्टरी करायची आणि 'सीडी "-पी"' असं कोट लावून तिच्यात शिरायचा प्रयत्न करायचा. जमत नाही. कोट शेलसाठी होते आणि ते शेलपाशीच संपले. सीडीला दिसलं ते रेघ आणि पी. तिने ते ऑप्शन म्हणून वाचलं, ठिकाण काही मिळालं नाही, म्हणून ती आपल्याला होम डिरेक्टरीत घेऊन गेली. कोट लावले की शब्द सुरक्षित झाला, ही समजूत इथे एकदा मोडली की पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

रेघेला कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, किंवा शेलच्या व्याकरणात काही खास स्थान नाही. तो एक रिवाज आहे आणि प्रत्येक कमांडने तो आपापला पाळायचा असतो. सुरुवातीला तो जिने तिने आपल्या मर्जीने पाळला. १९८० च्या सिस्टम ३ या युनिक्स आवृत्तीत बेल लॅब्जच्या मालक कंपनीने, एटी अँड टीने, त्यासाठी गेट-ऑप्ट नावाचं सी भाषेतलं एक फंक्शन दिलं आणि १९८५ मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत त्याचा सोर्स सगळ्यांसाठी खुला केला. पुढे पॉझिक्स या मानकाने नियम लिहून काढले. ऑप्शन एका अक्षराचा, त्याच्या आधी रेघ, ज्यांना पुढे किंमत लागत नाही अशी अक्षरं एकाच रेघेमागे एकत्र चालतील, सगळे ऑप्शन आधी आणि बाकीचं मागून. आणि एक फार मोलाचा नियम. जोडरेघ '--' एकटी आली की ऑप्शन संपले, त्यापुढे कशाचीही सुरुवात रेघेने झाली तरी तो साधा शब्द. मघाच्या '-पी' डिरेक्टरीत शिरायचा रस्ताही हाच: 'सीडी -- -पी'.

हे वाचन प्रत्यक्षात कसं चालतं ते एका ओळीवर पाहू.

रीड -आरपी "तुमचं नाव: " नेम

रीड ही कमांड माणसाने टाइप केलेली ओळ घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवते. आपल्याला कोणती अक्षरं चालतात, याची एक छोटी यादी तिच्याजवळ असते, आणि ज्या अक्षराला पुढे किंमत लागते त्याच्यामागे त्या यादीत अपूर्णविराम लावलेला असतो. 'आर'मागे अपूर्णविराम नाही, 'पी'मागे आहे. वाचणारं फंक्शन पहिला शब्द उचलतं. रेघ आहे आणि रेघेमागे अक्षरं आहेत, म्हणजे ऑप्शन. 'आर' यादीत आहे, किंमत नको, नोंद झाली. फंक्शन त्याच शब्दात एक घर पुढे सरकतं. 'पी' यादीत आहे, याला किंमत हवी. शब्दात आणखी काही उरलं आहे का? नाही. मग पुढचा अख्खा शब्द त्याची किंमत, म्हणजे 'तुमचं नाव: '. त्यापुढचा शब्द 'नेम'. रेघ नाही, वाचन थांबलं. उरलेली माळ व्हेरिएबलची नावं म्हणून रीडच्या हवाली. जाता जाता सांगतो, बॅशमध्ये प्रश्न मराठीत विचारता येतो, पण व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवता येत नाही. तिथे रोमन अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढंच चालतं.

आता तीच ओळ उलटी लिहून पाहा: 'रीड नेम -पी "तुमचं नाव: "'. प्रश्न दिसतच नाही आणि तक्रार येते की '-पी' हे व्हेरिएबलचं नाव होऊ शकत नाही. 'नेम'ला रेघ नसल्यामुळे वाचन तिथेच थांबलं होतं, त्यापुढचं सगळं नावांत जमा झालं. हे लोकांना खटकतं, कारण लिनक्सवर 'एलएस /टीएमपी -एल' असं उलटं लिहिलेलं बिनबोभाट चालतं. एलएस बाहेरची कमांड आहे, तिचं ग्नू गेट-ऑप्ट सगळी माळ चाळून ऑप्शन शोधून पुढे आणतं. बॅशच्या बिल्ट-इन कमांड्स तसं करत नाहीत. मला हा कडकपणा मनापासून पटतो. एखाद्या फाइलीचं नाव रेघेने सुरू होत असेल आणि ते चांदणीतून आलं असेल, तर मागाहून आलेल्या शब्दाला ऑप्शन मानणं धोक्याचं आहे.

बॅश ब्रायन फॉक्स यांनी लिहायला घेतला, १९८९ मध्ये तो लोकांपुढे आला आणि पुढे चेट रेमी यांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. त्याच्या सोर्समध्ये बिल्ट-इन कमांड्ससाठी वेगळं, घरचंच गेट-ऑप्ट आहे. सी भाषेतलं तयार असताना वेगळं कशाला? याचं उत्तर घर आणि बाहेर यांतल्या फरकात आहे. बाहेरची कमांड एकदा जन्मते, एकदा माळ वाचते आणि मरते. वाचता वाचता कुठवर आलो हे तिने जागतिक व्हेरिएबलमध्ये ठेवलं तरी बिघडत नाही, मेल्यावर सगळं पुसलं जातं. चुकीचा ऑप्शन आला तर ती सरळ प्रोग्राम संपवू शकते. बिल्ट-इन कमांडला यातलं काहीच परवडत नाही. तिने प्रोग्राम संपवला तर शेलच संपेल आणि तुमची खिडकी बंद होईल. आधीच्या वाचनाची खूण पुसायची राहिली तर पुढची कमांड भलत्याच जागेपासून वाचायला लागेल. म्हणून बॅशच्या बहुतेक बिल्ट-इन कमांड्सच्या कोडमध्ये वाचन सुरू करण्याआधी खूण शून्यावर आणणारी एक ओळ असते, आणि चूक झाली तर ती कमांड वापराची पद्धत छापून २ हा निकाल घेऊन परत येते.

घरात राहण्याचा एक फायदाही आहे. बाहेरच्या कमांडला शब्द द्यायचे तर ते कर्नलच्या हातून जातात आणि कर्नलने त्याला लांबीची मर्यादा घातली आहे. लाखो फाइलींच्या डिरेक्टरीत 'एलएस *' लिहिलं तर आर्ग्युमेंटची, म्हणजे कमांडला दिलेल्या शब्दांची, यादी फार लांब झाल्याची तक्रार येते. तिथेच 'प्रिंट-एफ' मात्र सगळी नावं छापून मोकळा होतो. त्याची माळ शेलच्या मेमरीतून बाहेर गेलेलीच नसते.

नियमांची एवढी तयारी असूनही सगळ्यात साधी दिसणारी कमांड सगळ्यात बेशिस्त निघाली. ती म्हणजे इको. तिला दिलेले शब्द तिने छापायचे, बस. पण ओळीच्या शेवटी नवी ओळ नको असेल तर? १९७९ च्या युनिक्स आवृत्ती ७ मध्ये त्यासाठी '-एन' होतं. एटी अँड टीच्या सिस्टम ५ घराण्याने ते सोडून उलट्या तिरप्या रेघेच्या खुणा घेतल्या, शेवटी '\सी' लिहिलं की नवी ओळ नाही. दोन्ही घराण्यांत तोवर हजारो स्क्रिप्ट लिहून झाल्या होत्या. पॉझिक्सने मग कुणाचीच बाजू घेतली नाही. पहिला शब्द '-एन' असेल किंवा कुठेही उलटी तिरपी रेघ असेल, तर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं असं लिहून ठेवलं. जोडरेघही इकोने साधा शब्द म्हणूनच छापायची.

बॅशच्या इकोचा नियम आणखी बारीक आहे. रेघेमागची सगळी अक्षरं 'एन', 'ई' आणि मोठा 'ई' यांपैकीच असतील तर तो ऑप्शन, एक जरी परकं अक्षर असलं तर अख्खा शब्द मजकूर. '-एनई' गायब होतं आणि '-एनएक्स' छापून येतं. इको कधीच चुकीच्या ऑप्शनची तक्रार करत नाही, कारण तिला छापण्याजोगं नाही असं काही नसतंच.

याची किंमत लोकांनी २००६ मध्ये मोजली. उबुंटूने ६.१० या आवृत्तीत सिस्टमचा मूळ शेल बॅशऐवजी डॅश केला. हे नाव डेबियन आल्मक्विस्ट शेलचं संक्षिप्त रूप, आकाराने लहान आणि चालायला चपळ. २०११ मध्ये डेबियन ६ नेही तेच केलं. डॅशची इको खुणा न सांगता समजून घेते, त्यामुळे तिला '-ई' हा ऑप्शनच ठाऊक नाही. बॅश समजून लिहिलेल्या स्क्रिप्टमधल्या 'इको -ई' या ओळी आता पडद्यावर आणि फाइलींत '-ई' हे शब्द जसेच्या तसे उमटवू लागल्या. कॉन्फिगरेशन फाइलच्या पहिल्या ओळीला असं '-ई' चिकटलं, की ती फाइल वाचणारा प्रोग्राम बंद पडतो आणि शोधणारा माणूस त्या प्रोग्राममध्येच चूक शोधत बसतो. व्हेरिएबल छापायचं असेल तेव्हा मी इको कधीच वापरत नाही. 'प्रिंट-एफ "%एस\एन" "$नेम"' असं लिहितो. आत '-एन' असो, तिरपी रेघ असो, जे आहे तेच छापलं जातं.

टेस्ट ही कमांड याहून वेगळी आहे. तिचं दुसरं नाव आहे '[' हा चौकोनी कंस. हो, तो कंस म्हणजे एक कमांड आहे आणि शेवटचा ']' हा तिचा शेवटचा आर्ग्युमेंट. म्हणूनच कंसाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते. टेस्ट ऑप्शन वाचत नाही, ती शब्द मोजते. पॉझिक्सने ठरवलेला हिशेब असा: एकही शब्द नसेल तर उत्तर खोटं. एकच शब्द असेल तर तो रिकामा नसला की खरं, मग तो शब्द कोणताही असो. दोन असतील तर पहिला कसोटी आणि दुसरा मजकूर. तीन असतील तर मधला शब्द तुलना.

या मोजणीने मला एकदा चांगलंच पोळलं. जुन्या लॉग फाइली साफ करणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली होती आणि तिच्यात या दोन ओळी होत्या:

[ -एन $जागा ] || एक्झिट १
सीडी $जागा

'-एन' ही कसोटी मजकूर रिकामा नाही ना, ते पाहते. जागा रिकामी असेल तर स्क्रिप्ट थांबेल, असा माझा हिशेब. एके रात्री ती खरंच रिकामी निघाली. कोट नव्हते, म्हणून रिकामी किंमत शब्द म्हणून उरलीच नाही आणि टेस्टच्या हातात पडला एकच शब्द, '-एन'. एक शब्द, रिकामा नाही, उत्तर खरं. कसोटीच मजकूर बनून पास झाली. खालच्या ओळीत सीडीलाही शब्द मिळाला नाही आणि शब्द नसला की सीडी होम डिरेक्टरीत जाते. पुढच्या ओळीने तिथल्या लॉग फाइली पुसल्या, त्यात तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. '$जागा'भोवती दोन कोट असते तर टेस्टला दोन शब्द मिळाले असते, दुसरा रिकामा, आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत थांबली असती.

डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलने दुहेरी कंस '[[' आणला आणि बॅशनेही तो घेतला. तो कमांड नाही, शेलच्या व्याकरणाचा भाग आहे. आतला मजकूर शब्दांची माळ होण्याआधीच शेल त्याचा अर्थ लावतो, म्हणून तिथे रिकामी किंमतही आपली जागा धरून बसते.

सेट या कमांडमध्ये रेघेचा अर्थ 'चालू कर' असा आहे, त्यामुळे 'बंद कर'साठी अधिकचं चिन्ह उरलं. 'सेट -ई'ने चूक होताच थांबायची सवय लागते, 'सेट +ई'ने जाते. नव्या माणसाला हे उलटं वाटतं आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रोसेसला सिग्नल पाठवणाऱ्या किलमध्ये गोंधळ आकड्यांचा. ऋण आकडा म्हणजे प्रोसेसचा अख्खा गट. पण 'किल -१२३४' लिहिलं तर किल त्याला सिग्नलचा क्रमांक समजते, म्हणून 'किल -- -१२३४' लिहावं लागतं. 'एक्झिट -१' बॅशमध्ये मुकाट २५५ होतं, डॅश तो आकडाच नाकारतो.

आपण स्वतः स्क्रिप्ट लिहितो तेव्हा वाचनासाठी शेल एक बिल्ट-इन देतो, गेट-ऑप्ट्स. अक्षरांची यादी तीच, अपूर्णविराम तेच, आणि कुठवर वाचलं याची खूण ऑप्टिंड या व्हेरिएबलमध्ये. फंक्शनमध्ये गेट-ऑप्ट्स वापरलं की पहिल्यांदा सगळं नीट चालतं. तेच फंक्शन दुसऱ्यांदा बोलावलं की ऑप्शन जणू दिलेच नव्हते असं ते वागतं. शेल तोच आहे, खूण जिथे राहिली होती तिथेच आहे, म्हणून वाचन मधूनच सुरू होतं. बॅशच्या सोर्समध्ये जी खूण शून्यावर आणणारी ओळ आहे, तिचाच हा स्क्रिप्टमधला जोडीदार. फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'लोकल ऑप्टिंड=१' लिहायचं.

आणखी एक भेद स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला माहीत असलेला बरा. पॉझिक्सने एक्सपोर्ट, सेट, शिफ्ट, अनसेट अशा १५ बिल्ट-इन कमांड्सना 'विशेष' म्हटलं आहे. त्यांच्या आर्ग्युमेंटमध्ये चूक झाली तर नुसता निकाल वाईट येऊन भागत नाही, चालती स्क्रिप्ट तिथेच संपू शकते. शब्द दोनच असताना 'शिफ्ट ५' लिहिलं तर डॅश स्क्रिप्ट सोडून देतो. बॅश आपल्या नेहमीच्या रीतीने पुढे जातो आणि पुढच्या ओळी जुन्याच शब्दांवर चालवतो. मला इथे डॅशचं वागणं जास्त प्रामाणिक वाटतं.

हे सगळं करून पाहायला वेगळं काही बसवावं लागत नाही. बॅश उघडा आणि 'सीडी --हेल्प' टाइप करा. तिला चालणारी अक्षरं एकेका ओळीच्या माहितीसह समोर येतील. 'रीड --हेल्प' करा, 'सेट --हेल्प' करा. मग 'इको --हेल्प' करा. पुढच्या ओळीत दोन रेघा आणि 'हेल्प' एवढंच उमटेल.